निर्मनुष्य वास्तूंची चित्रे

चित्रकलेविषयी आपल्या सुशिक्षित समाजात जे समज घर करून बसले आहेत, त्यांपैकी एकाचा समाचार आज घ्यावयाचा आहे. तो समज असा की, एखाद्या प्रसिद्ध वास्तूचे चित्र काढावयाचे झाल्यास तिच्यासमोरची माणसे, जनावरे, गाड्या, टोपल्या ही सर्व अडगळ दूर सारून वास्तू तेवढी स्वच्छ दाखवावी. आणि माणसे दाखविलीच, तर ती वास्तूची उंची कळण्यापुरती, मुंग्यांएवढी दाखवावी. हा समज केवळ चित्रकलेचा गंध नसलेल्यांचा असता, तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु शिक्षकांच्या, परीक्षकांच्या आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून तो आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, आता गप्प बसणे म्हणजे त्यास संमती देण्यासारखेच होईल.

प्रसंग घडला तो शिरवळ येथे. शाळकरी मुलांच्या चित्रांचे एक लहानसे प्रदर्शन तेथे भरले होते व 'आपल्या गावची जुनी वास्तू' असा विषय मुलांस दिला होता. शिरवळास अशा वास्तूंची वाण नाही. नीरेच्या काठी सुभानमंगळ गढीचे अवशेष आहेत. १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी ही गढी शत्रूकडे गेली व शिवरायांच्या माणसांनी ती परत घेतली, हे इतिहास वाचणाऱ्यास ठाऊक आहेच. जवळच डोंगरात साधी, नक्षीविरहित बौद्ध लेणी आहेत. आणि यादवकालीन समजली जाणारी दगडी पाणपोई आहे, जिचा शिरवळकरांस सार्थ अभिमान वाटतो. बहुतेक मुलांनी ही पाणपोईच निवडली होती.

पहिले बक्षीस ज्या चित्रास मिळाले, ते हातोटीने काढलेले होते यात शंका नाही. दगडांच्या सांध्यांच्या रेषा सरळ होत्या, छायाप्रकाश बेताचा होता, आकाश निळे होते आणि साऱ्या चित्रात माणूस औषधालाही नव्हता. दुसरे एक चित्र भिंतीच्या अगदी टोकाला टांगलेले होते. ते एका मुलीचे होते. तिची पाणपोई किंचित कललेली होती. खांबांचे प्रमाणही बिघडले होते. परंतु तिच्या सावलीत एक म्हातारा पाय पसरून टेकला होता, उशाला त्याची पिशवी होती, दोन पोरे दप्तरे टाकून गोट्या खेळत होती, एक शेळी दगडाला अंग घाशीत होती. आणि तो म्हातारा विकतच्या बाटलीतून पाणी पीत होता. परीक्षकांपैकी एका सद्‌गृहस्थांनी मुलीच्या देखतच अभिप्राय दिला, 'गर्दीत वास्तू हरवली. ही बाटली तर अगदीच विशोभित दिसते.' मुलगी काही बोलली नाही. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही, आणि त्या न बोलण्याचीच भरपाई हा लेख लिहून करीत आहो.

प्रथम हे पाहावे की, पाणपोई म्हणजे काय? ती देऊळ नव्हे, किल्ला नव्हे, राजाचा वाडाही नव्हे. घाटावरून देशात व देशातून घाटाकडे जाणाऱ्या, ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखात सापडावयाची नाहीत अशा वाटसरूंच्या घशास कोरड पडू नये, एवढ्याच हेतूने कोणा पुण्यवंताने ती बांधविली. तहानलेला माणूस हाच तिचा धनी. तो वगळला, तर मागे उरते ते चार दगडांचे कौतुक. मग ज्या चित्रात तहानलेला माणूस आहे ते चित्र 'वास्तू हरवलेले', आणि ज्यात तो नाही ते 'वास्तू सापडलेले', हा न्याय कोणत्या शास्त्रातला? आम्ही तर त्याहून पुढे जाऊन म्हणतो की, पाणपोईच्या सावलीत बसून विकतचे पाणी पिणारा म्हातारा दाखविणाऱ्या त्या मुलीने आठ शतकांचा फरक एका बाटलीत दाखविला. विद्वानांस हे सांगावयास व्याख्यान लागले असते. आणि तीच बाटली परीक्षकांस विशोभित वाटावी!

यावर प्रतिपक्षाकडून पहिला आक्षेप येतो तो असा : 'माणसांमुळे शिल्प झाकले जाते, वास्तूचे खरे स्वरूप कळत नाही.' या आक्षेपात दोन भिन्न कामांची गल्लत आहे. पुराणवस्तूंचा अभ्यास करणारा जेव्हा मोजमापे घेऊन आराखडा काढतो, तेव्हा त्यास रिकामी वास्तूच हवी. खांबाची जाडी मोजताना खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्यास उठविणे भागच आहे. त्या कामास आराखडा आहे, छायाचित्र आहे, मोजपट्टी आहे. त्यांची थोरवी आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाही. परंतु चित्रकाराने मोजपट्टीचे काम अंगावर घ्यावे आणि तेही मोजपट्टीहून कमी अचूक करावे, यात कलेचा लाभ कोणता? आराखड्याने सांगावयाचे ते आराखडा सांगेलच. आराखड्यास जे सांगता येत नाही, म्हणजे ही जागा कोणाच्या उपयोगी पडते, कोणत्या प्रहरी, कोणत्या गरजेने, ते सांगणे हे चित्राचे काम होय.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. 'आम्ही माणसांच्या विरुद्ध नाही,' असे काही रसिक म्हणतात, 'मोठमोठ्या चित्रकारांनीही वास्तूंपुढे माणसे दाखविली आहेत. पण ती शोभेपुरती, रंगाचा ठिपका म्हणून.' हे म्हणणे तपासण्यासाठी आपल्या प्रांतातील सर्वांत प्रसिद्ध इमारतीचेच उदाहरण घेऊ. मुंबईस बोरीबंदरी, जेथून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली, तेथे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्याप्रमाणे जे भव्य स्थानक उभे राहिले, त्याचे काम १८७८ साली सुरू झाले व १८८८ साली पुरे झाले. प्रथम त्यास राणी व्हिक्टोरियाचे नाव होते. १९९६ पासून ते शिवछत्रपतींच्या नावाने ओळखले जाते. या इमारतीचे एक सुंदर जलरंगचित्र ॲक्सेल हेग या मूळच्या स्वीडिश चित्रकाराने काढले. चित्रात मनोरे, कमानी, घुमट सर्व काही आहे; समोरच्या रस्त्यावर गाड्या आहेत, माणसांची वर्दळ आहे. मुंबईचे दैनंदिन जीवन या चित्रात कसे जिवंत झाले आहे, असे पाहणारास सहज वाटावे.

पण चित्राचे साल पाहा. ते १८७८ चे आहे! म्हणजे ज्या वर्षी इमारतीचे काम नुकते हाती घेतले गेले, त्याच वर्षी चित्रकाराने ती पूर्ण उभी केली आणि तिच्यासमोरून लोकही चालविले. घुमट अजून कागदावर होता. त्या घुमटाखालून जाणारी माणसे मात्र चित्रात निर्धास्त चालत होती. आम्ही हेगच्या कौशल्यास बोल लावीत नाही. इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल हे दाखविणे एवढेच त्याचे काम होते, व ते त्याने उत्तम केले. परंतु त्या चित्रातील वर्दळीस मुंबईचे जीवन म्हणणे म्हणजे लग्नपत्रिकेवरील गणपतीस लग्नाचा वऱ्हाडी म्हणण्यासारखे आहे. ती वर्दळ कोणी पाहिलेली नव्हती. त्या इमारतीचा चिरा जेव्हा माणसांच्या खांद्यावरून वर चढत होता, तेव्हा चित्रात चिरा वाहणारा एकही नाही. कारण चित्रात इमारत आधीच तयार आहे! शोभेपुरती माणसे ती हीच. ती कोणत्याही शहरात, कोणत्याही इमारतीपुढे ठेवावी. फार तर पागोट्याचा आकार बदलावा.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. हेगच्या चित्राच्या आधी एकच वर्ष, १८७७ साली, पॅरिस येथील सेंट लझार या रेल्वेस्थानकाची सुमारे बारा चित्रे क्लोद मोने याने काढली. त्याने काय केले? तो स्थानकात जाऊन उभा राहिला. लोखंडी छपराखाली कोंडलेली वाफ, धूर, रुळांकडेने चाललेली माणसे, इंजिनाचा काळा धूड, ही त्याच्या चित्रांची सामग्री. त्यातील माणसांस नाक-डोळे नाहीत, हेगच्या माणसांइतका रेखीवपणा तर नाहीच नाही. तरीसुद्धा ती माणसे त्या स्थानकाची आहेत. धुरातून ती जशी दिसली तशी ती उतरली आहेत. तेव्हा प्रश्न माणसे किती व केवढी हा नसून, ती पाहून काढली की आठवणीतल्या साच्यातून काढली, हा आहे. रिकामे चित्र जसे खोटे, तशी साच्यातली गर्दीही खोटी. आमचा वाद दोहोंशी आहे.

मग आमच्याकडे पाहून काढणारे कोणी झालेच नाहीत काय? झाले. कोल्हापुरास १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली मुंबईच्या कलाशाळेत शिकावयास आले व पुढे तेथेच शिक्षक, आणि अखेर त्या संस्थेच्या सर्वोच्च पदापर्यंत चढले. देवादिकांची व इतिहासाची भव्य चित्रे त्यांनी काढलीच. परंतु मुंबईच्या रस्त्यावरची माणसेही त्यांच्या कुंचल्यातून सुटली नाहीत. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांविषयीच्या इंग्रजी पुस्तकात धुरंधरांची चित्रे आहेत. त्यांनी चितारलेली पोस्टकार्डे तर त्या काळी घरोघर गेली. मुंबईची बायका-माणसे कशी नेसत, कशी चालत, हे आज कोणास जाणावयाचे असेल तर त्याला या चित्रांकडे वळावे लागते. मात्र येथेही आम्ही डोळे मिटून स्तुती करणार नाही. पोस्टकार्डांवरील माणूस पुष्कळदा 'अमुक जातीचा, अमुक धंद्याचा नमुना' होऊन बसतो. तो कोणत्या भिंतीशी उभा आहे, कोठून आला, कोठे निघाला, हे कळत नाही. इमारतीवाचून माणूस आणि माणसावाचून इमारत, अशी ही फारकत दोन्ही बाजूंनी झाली आहे. ती मिटविणे हे पुढच्यांचे काम होते व आहे.

ही फारकत मिटल्यावर चित्र कसे होते, याचा दाखला व्हेनिसच्या कॅनालेत्तो या चित्रकाराने दिला आहे. सुमारे १७२५ साली काढलेले त्याचे एक चित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेत आहे. कालव्यापलीकडे सांता मारिया देल्ला कारिता हे चर्च व त्याचा उंच मनोरा दिसतो. परंतु चित्राचा पुढचा सारा भाग पाथरवटांच्या आवाराने व्यापलेला आहे. दगड पडले आहेत, छिन्न्या चालल्या आहेत, एका कोपऱ्यात मूल पडले आहे व त्याची आई धावली आहे. प्रसिद्ध वास्तू पाठीमागे आणि रडणारे मूल पुढे! आमच्या शिरवळच्या परीक्षकांनी हे चित्रही भिंतीच्या टोकालाच टांगले असते. परंतु गंमत अशी की, त्या चर्चचा तो मनोरा १७४४ साली कोसळला. आज तो मनोरा पाहावयाचा तर ज्या चित्राने त्यास मागे लोटले त्या चित्रातच पाहावा लागतो. त्याच्यासमोरचे दगडफोडे व ते मूलही तेथेच भेटते. माणसांनी वास्तू हरविली नाही. चित्रकाराने दोहोंसही राखले.

तिसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो, कारण तो खरा बळकट आहे. ज्या मोनेचे आम्ही गुण गाइले, त्यानेच पुढे १८९२ ते १८९४ या काळात रूआँ येथील कॅथेड्रलची तीसहून अधिक चित्रे काढली, आणि त्यांत माणूस जवळजवळ नाहीच. ती चित्रे काय खोटी म्हणावयाची? नाही, आम्ही तसे म्हणत नाही. परंतु ती चित्रे एकापुढे एक ठेवून पाहिली म्हणजे काय आढळते? एकच भिंत सकाळी निळसर, दुपारी पांढुरकी, सायंकाळी तांबूस. त्याने वास्तूस काळाच्या बाहेर काढून ठेवले नाही; उलट तिला प्रहरांच्या स्वाधीन केले. माणूस नसला तरी त्याचा दिवस तेथे आहे. आमचे वाकडे आहे ते ज्या चित्रात ना माणूस ना प्रहर, नेहमीचीच निळाई व नेहमीचीच सावली, अशा चित्राशी. मोने एकच भिंत वर्षानुवर्षे पाहात बसला. आमचे बक्षीसपात्र चित्र पाणपोई न पाहताही काढता आले असते!

कोणी म्हणेल, 'शाळकरी मुलांच्या चित्रांवरून एवढा गदारोळ कशाला? एक बक्षीस इकडचे तिकडे झाले तर आकाश कोसळते काय?' आकाश कोसळत नाही, हे खरे. परंतु चित्रात जे डोळ्यास खुपू लागते, ते पुढे रस्त्यावरही खुपू लागते. चित्रातील शेंगावाली ज्यास अडगळ वाटते, त्यास उद्या ती स्थानकाच्या पायरीवरही अडगळच वाटणार. वारसा जपावयाचा म्हणजे प्रथम वास्तूभोवतीची माणसे हुसकावयाची, ही बुद्धी काही आकाशातून पडत नाही. रिकाम्या वास्तूंची चित्रे लहानपणापासून भिंतीवर पाहून ती अंगी मुरते. वास्तूची नीट निगा राखावी, भिंतीवर नावे कोरू नयेत, रस्ता मोकळा असावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु निगा राखणे निराळे आणि माणसाचा संबंधच तोडणे निराळे.

यात आम्हां सातारकरांचा विशेष हितसंबंध आहे, तोही येथे स्पष्ट सांगून टाकतो. शिरवळास आगगाडी नाही. पण शिरवळचा, खंडाळ्याचा, जावळी-पाटणचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईस जात आला. कोणी गिरणीत लागला, कोणी गोदीत. मुंबईच्या बाजारपेठांतून पाठीवर व डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांत तर साताऱ्याच्या माणसांचा भरणा किती मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्यासाठी १९६९ साली कायदा व्हावा लागला, आणि त्या चळवळीचे पुढारी अण्णासाहेब पाटील हेही याच जिल्ह्यातले. तेव्हा बोरीबंदरच्या इमारतीपुढून जाणारी गर्दी ही आम्हांस रंगाचा ठिपका वाटूच शकत नाही. त्या ठिपक्यांत कोणाचा चुलता आहे, कोणाचा मामा आहे. गावाकडे पैसे धाडून उरलेल्यात महिना काढणारा कोणाचा तरी बाप आहे. २००४ साली युनेस्कोने ही इमारत जागतिक वारसा म्हणून मान्य केली, तेव्हा आम्हांस आनंदच झाला. परंतु २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्याच स्थानकात ५८ माणसे मारली गेली, तेव्हा त्या इमारतीचे खरे मोल कशात आहे ते सर्वांस उमगले. त्या रात्री देशाचे काळीज चरकले ते दगडी कमानींसाठी नव्हे. बोचकी उशाशी घेऊन गाडीची वाट पाहात बसलेल्या माणसांसाठी. त्या माणसांस चित्रातून वगळणे म्हणजे स्थानकच वगळणे होय.

आता केवळ दोष दाखवून थांबू नये म्हणून, मुलांस चित्रकला शिकविणाऱ्यांस व मुलांच्या चित्रांची पारख करणाऱ्यांस आमची नम्र सूचना अशी की, वास्तूचे चित्र पुढे आले असता रेषा सरळ आहेत की नाहीत हे अवश्य पाहावे, पण तेवढ्यावर थांबू नये. चित्रातली वेळ कोणती, येथे कोण येते, कशासाठी येते, कोणत्या बाजूने येते, हातात काय घेऊन येते, हे चित्रकारास विचारावे. ज्या मुलास याची उत्तरे देता येतील, त्याने ती जागा पाहिली आहे असे समजावे. ज्यास देता येणार नाहीत, त्याने दुसऱ्या चित्रावरून नक्कल केली असण्याचा संभव मोठा. आणि घरोघरच्या मातापित्यांस आमची विनंती की, सुटीत मुलांस एखाद्या लेण्यापाशी किंवा घाटावर न्याल, तेव्हा 'माणसे जाईपर्यंत थांब' असे त्यांस सांगू नका. माणसे येईपर्यंत थांबावयास सांगा. वाईच्या घाटावर चित्र काढणारांची कधीच वाण नसते. त्यांपैकी किती जण ढोल्या गणपतीच्या शिखरावरून नजर खाली आणून पायरीवर धुणे आपटणाऱ्या बाईकडे पाहतात, याची मोजणी कोणी करून पाहावी.

राहता राहिली ती शिरवळची मुलगी. तिच्या खांबांचे प्रमाण चुकले होते, हे आम्ही वर कबूल केलेच आहे. ते शिकविता येते. शिक्षकाने तिला चार दिवस पाणपोईपुढे बसवून खांब नीट मोजावयास लावावे. परंतु बाटलीतून पाणी पिणारा म्हातारा पाहावा कसा, हे तिला कोणी शिकविले नव्हते. तिने तो आपल्या डोळ्यांनी पाहिला. खांब दुरुस्त करताना तो म्हातारा मात्र तिच्याकडून पुसून घेऊ नये, एवढेच आमचे त्या परीक्षकांशी भांडण आहे.